फॅशन मर्चंडायझिंगचा डिप्लोमा बंद करू नका, त्याला गणवेशाच्या सीझनला जोडा : कॉलेज व्यवस्थापनाला खुलं पत्र

आदरणीय अध्यक्ष साहेब, प्राचार्य मॅडम, अभ्यास मंडळाचे सगळे सभासद आणि सोलापुरातली समस्त गारमेंटवाली मंडळी,

सप्रेम नमस्कार.

कम्युनिटी कॉलेजमधल्या फॅशन मर्चंडायझिंगच्या डिप्लोमाचं पुढं काय करायचं यावर येत्या मीटिंगमध्ये निर्णय होणार आहे असं कळलं. तीन पर्याय चर्चेत आहेत म्हणे. सीटा भरत नाहीत म्हणून सरळ बंद करायचा, नाहीतर नाव बदलून फॅशन डिझायनिंग करायचं कारण त्या नावाला पोरी येतात, नाहीतर आहे तसाच अजून दोन वर्षं चालवून बघायचा. मी याच शहरात एका गारमेंट युनिटमध्ये मर्चंडायझर आहे, या कोर्समधून आलेल्या मुलामुलींसोबत रोज काम करते, आणि मला हे तिन्ही पर्याय पटत नाहीत. म्हणून हे पत्र, आणि ते खुलं यासाठी की हा विषय फक्त कॉलेजचा नाहीये, अख्ख्या गावाच्या धंद्याचा आहे.

आधी नाव बदलायचं बोलू. फॅशन डिझायनिंग वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, चांगला डिझायनर असेल तर आमचं निम्मं काम सोपं होतं. पण सोलापुरात आज कुठल्याही युनिटच्या मालकाला विचारा की तुमचं अडतं कुठं, तो स्केच काढणारा मिळत नाही असं म्हणणार नाही. तो म्हणेल पार्टीशी म्हणजे गिऱ्हाईकाशी बोलून ऑर्डर नीट लिहून घेणारा माणूस नाही, कापडाचं एव्हरेज म्हणजे एका पीसला किती कापड लागेल ते काढणारा नाही, कुठला लॉट बाहेर मजुरीवर काम करून देणाऱ्या कुठल्या जॉबवर्कवाल्याकडं गेलाय, किती पीस परत आले, काज-बटण कुठं अडकलंय हे एका जागी ठेवणारा नाही, आणि जूनच्या आधी माल शाळेत पोचेल का हे मार्चमध्येच सांगू शकणारा तर कुणीच नाही. हे सगळं काम ज्याचं आहे तो मर्चंडायझर. बहुतेक युनिटमध्ये हे काम मालक स्वतः करतो, फोनवर, डोक्यात ठेवून, आणि सीझनमध्ये आजारी पडला तर सगळं ठप्प.

आपलं गाव चादरीचं आणि टॉवेलचं म्हणून ओळखलं जातं, दोघांनाही जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, या गिरण्या गेल्या तरी कापडाचं काम गेलं नाही, ते पूर्व भागातल्या यंत्रमागांवर राहिलं आणि नंतर शिलाईत आलं. आज आपण देशभरातल्या शाळांचे गणवेश शिवतो, गणवेशाची मोठी प्रदर्शनं आपल्याकडं भरतात, बाहेरच्या राज्यातले व्यापारी इथं येऊन ऑर्डरी देतात. एवढा धंदा दारात असताना आपल्या कॉलेजातली मुलं दोन सेमिस्टर पॅरिस आणि मिलानच्या फॅशन वीकचे प्रोजेक्ट बनवतात, कोलाज चिकटवतात, आणि शाळेच्या शर्टची कॉस्टिंग शीट त्यांनी एकदाही भरलेली नसते. ही चूक मुलांची नाही. त्यांना जे दिलं ते त्यांनी मन लावून केलं, फायली इतक्या सुंदर असतात की बघत राहावं. पण कामावर आल्यावर पहिल्या आठवड्यात रडकुंडीला येतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून जीव तुटतो.

एक साधं उदाहरण देते म्हणजे मी काय मागतेय ते कळेल. समजा एका संस्थेची ऑर्डर आली, दहा हजार शर्ट, साइज २२ पासून ४० पर्यंत, खिशावर लोगो, १० जूनला माल पाहिजे. आता कुठल्या साइजचे किती हा पहिला प्रश्न, कारण पहिलीचा वर्ग आणि दहावीचा वर्ग सारखा नसतो आणि गावातल्या मुलांची अंगकाठी शहरातल्या मुलांसारखी असेलच असं नाही. रेशो चुकला तर शेवटी २४ चे गठ्ठे पडून राहतात आणि ३४ साठी पालक दुकानात भांडतात. मग कापड. मार्कर, म्हणजे कापायच्या भागांची कापडावरची मांडणी, नीट लावून एका शर्टमागं ५ सेंटिमीटर कापड वाचलं तर दहा हजार शर्टांत ५०० मीटर वाचतं, आणि कापड ११० रुपये मीटर धरलं तर ५५,००० रुपये झाले, म्हणजे एका नवीन मुलीचा काही महिन्यांचा पगार निघाला फक्त एव्हरेज बरोबर काढल्यामुळं. मग शेड. दोन वेगळ्या डाय लॉटचं, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेलं कापड एकाच शर्टात गेलं तर बाही वेगळी आणि पाठ वेगळी दिसते, शाळा माल परत करते, म्हणून लॉटप्रमाणं कटिंग, बंडलला नंबर, शेड बँड म्हणजे प्रत्येक लॉटच्या रंगाचे नमुने जपून ठेवणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तारीख. १० जूनपासून उलटं मोजत यायचं, पॅकिंगला किती दिवस, चेकिंगला किती, शिलाईला किती, एम्ब्रॉयडरीवाल्याकडं किती, कापड राजस्थानातल्या भिलवाड्याहून यायला किती, सॅम्पल पास व्हायला किती, आणि मग कळतं की जी ऑर्डर एप्रिलमध्ये घेऊन आपण खुश झालो ती खरं तर फेब्रुवारीतच पक्की व्हायला पाहिजे होती. याला एक्सपोर्टवाले टाइम अँड ॲक्शन कॅलेंडर म्हणतात. हे कॅलेंडर जो बनवू शकतो, आणि रोज सकाळी उघडून त्याच्यामागं लागू शकतो, त्याला काम मागत फिरावं लागत नाही.

आणि हे मी उगाच वाढवून सांगत नाहीये. २०२४-२५ ला राज्य सरकारनं एक राज्य एक गणवेश केलं होतं आठवतंय ना? कापड वरून एका ठिकाणाहून आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडं अशी ती योजना होती. हेतू चांगला होता, बायकांना काम मिळणार होतं. पण शाळा जूनमध्ये सुरू झाल्या आणि कित्येक ठिकाणी स्वातंत्र्यदिन होऊन गेला तरी गणवेश पोचले नव्हते, जे पोचले त्यात मापाच्या तक्रारी होत्या, आणि शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडं दिलं. मशीनवर बसलेल्या त्या बायांना दोष देऊन काही होणार नाही, शिवायला त्या चांगल्याच शिवतात. साइजचा रेशो, कापड कधी पोचणार, कुठल्या गटाची रोजची कपॅसिटी किती, सॅम्पल कोण पास करणार, हे सगळं मर्चंडायझिंगचं काम आहे, आणि एवढ्या प्रचंड ऑर्डरीला ते गावागावात सांभाळणारी माणसं लागतात. अशी माणसं तयार करायची जागा म्हणजे आपलं कम्युनिटी कॉलेजच ना? मोठ्या शहरातल्या महागड्या इन्स्टिट्यूटमधून शिकलेला मुलगा माढ्याच्या बचत गटाचं शेड्यूल लावायला येणार नाहीये. नव्या अभ्यासक्रमात हा एक अख्खा केस स्टडी म्हणून ठेवा, सरकारी कागद वाचायला लावा, मुलांना त्याच ऑर्डरचं कॅलेंडर बनवायला सांगा.

आता माझी मुख्य मागणी. डिप्लोमाचं वर्ष युनिव्हर्सिटीच्या कॅलेंडरवर न बसवता गावाच्या सीझनवर बसवा. यूजीसीच्या कम्युनिटी कॉलेजच्या चौकटीत एका वर्षाच्या डिप्लोमाला ६० क्रेडिट, त्यातले ३६ स्किलचे आणि २४ जनरल. म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त भाग कौशल्याचा असायलाच पाहिजे असं नियमच सांगतो, मग ते ३६ क्रेडिट बंद खोलीत पीपीटीवर का संपवायचे? जूनमध्ये मुलं येतात तेव्हा आमचा सीझन संपत आलेला असतो, तेव्हा त्यांना गेल्या सीझनचा उरलेला माल दाखवा. काय उरलं, का उरलं, कुठली साइज चुकली, कुठली पार्टी पैसे देईना. याच्याइतकं चांगलं पहिलं पुस्तक नाही. दिवाळीपर्यंत कापड, माप, एव्हरेज, कॉस्टिंग, एक्सेल. नोव्हेंबर-डिसेंबरात सॅम्पलिंग, कारण तेव्हाच युनिटमध्ये नवीन सॅम्पल बनतात आणि व्यापारी यायला लागतात. आणि जानेवारीपासून पुढं वर्ग बंद, मुलं युनिटमध्ये, प्रत्येकाच्या नावावर एक खरी ऑर्डर, छोटी का असेना, पाचशे पीसची असू द्या, सॅम्पलपासून पेमेंटपर्यंत ज्याची त्यानंच बघायची. आज आपण इंटर्नशिप कधी देतो तर मे महिन्यात, परीक्षा संपल्यावर, जेव्हा युनिटमध्ये कुणाला मान वर करायला वेळ नसतो. मग त्या पोरींना धागे कापायला बसवतात आणि सर्टिफिकेटवर सही करून देतात. युनिटवाल्यांचीही त्यात पूर्ण चूक नाही, ऐन घाईत शिकवणार कधी. पण महिने बदलले तर हे बदलू शकतं, त्याला फार खर्चही नाही.

परीक्षा जूनमध्ये सरकेल, युनिव्हर्सिटीची परवानगी लागेल, हे मला माहितीये. मागा ना परवानगी. नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ऑन जॉब ट्रेनिंग, मधूनच बाहेर पडणं, परत येणं, हे सगळं लिहिलेलं आहे, तर त्याचा उपयोग करायची ही जागा आहे.

दुसरं म्हणजे शिकवणार कोण. सध्याच्या मॅडम मेहनती आहेत, एकटीच्या जिवावर तीन-तीन पेपर ओढतात, तासिका तत्त्वावर, आणि त्यांना स्वतःला कधी युनिटमध्ये बसायला मिळालेलं नाही. त्यांना काढू नका, उलट त्यांना एका सीझनला पगारी युनिटमध्ये पाठवा. आणि सोबत धंद्यातली माणसं आणा. एखादा म्हातारा कटिंग मास्तर, ज्याचं शिक्षण चौथीपर्यंत झालंय पण कापडाचा ताका हातात घेऊन पन्ना म्हणजे रुंदी आणि वजन सांगतो, त्याला महिन्यातून चार वेळा बोलवा, मानधन द्या, शाल-नारळावर भागवू नका. अकाउंटवाला आणा जीएसटी शिकवायला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला, त्याआधी हजाराच्या वर १२ टक्के होता, म्हणजे १,१०० रुपयांच्या ब्लेझरचं गणितच बदललं. पण पाच वर्षांपूर्वी छापलेल्या नोट्स वाचून मुलगी इंटरव्ह्यूला गेली तर ती जुना रेट सांगणार आणि मालक म्हणणार कॉलेजात काही शिकवत नाहीत. अभ्यासक्रमात दर वर्षी बदलता येईल असा एक पेपर मोकळा ठेवा, हे मी हात जोडून सांगते.

रिटेलची बाजू पण सोडू नका. सगळेच काही फॅक्टरीत येणार नाहीत आणि यायलाही नको. झुडिओ, मॅक्स, ट्रेंड्स यांच्यासारखी दुकानं आता छोट्या शहरांत पसरलीत, तिथं फ्लोअरवर काम करणाऱ्या मुलीला सेल-थ्रू म्हणजे आलेल्या मालातला किती विकला गेला, कुठल्या साइज तुटल्यात म्हणजे संपल्यात, कधी मार्कडाउन करायचं म्हणजे भाव उतरवायचा, हे कळत असेल तर ती दोन वर्षांत डिपार्टमेंट सांभाळते, नाहीतर घड्याच घालत राहते. नवी पेठेतल्या आपल्या दुकानदारांनाही तेच लागतं, फक्त ते त्याला वेगळ्या भाषेत बोलतात, डेड स्टॉक किती झाला, पैसा किती अडकला, दिवाळीची खरेदी किती करायची. आणि मीशोवर माल विकणारी घरं बघा गल्लीगल्लीत, ऑर्डर भरपूर येतात पण रिटर्नचा हिशोब कुणी मांडत नाही, महिन्याच्या शेवटी कळतं की काही उरलंच नाही. कॉलेजनं आसपासच्या अशा दहा-बारा घरांचे रिटर्न मुलांकडून अभ्यासून घेतले, मापाचा चार्ट नीट करून दिला, फोटोत रंग खरा दिसेल असं बघितलं, तर त्या घरांना फायदा आणि मुलांना खरा डेटा.

मुलं कोण येतात याचाही विचार करा. आपल्याकडं येणाऱ्या पोरींमध्ये कितीतरी जणींच्या आया विड्या वळतात, वडील मागावर आहेत किंवा होते. सकाळी घरकाम, दुपारी लहान भावंडं, असं त्यांचं असतं. ११ ते ५ कॉलेज त्यांना झेपत नाही आणि मग आपण म्हणतो ॲडमिशन येत नाहीत. संध्याकाळची बॅच काढा. आधीच युनिटमध्ये चेकिंगला, पॅकिंगला असलेल्या कितीतरी बाया आहेत ज्यांना काम सगळं येतं पण कॉम्प्युटर येत नाही आणि पार्टीला मेल लिहिता येत नाही, त्यांना सहा महिन्यांचं सर्टिफिकेट द्या, ३० क्रेडिटचं, पुढं वाटलं तर डिप्लोमा करतील. माझ्या मते या कोर्सचे सगळ्यात चांगले विद्यार्थी बारावी पास झालेल्या मुलांपेक्षा या बाया असतील. आणि एक गोष्ट आपण कधी मोजतच नाही. आपल्या पोरी घरात तेलुगू किंवा कन्नड बोलतात, शाळेत मराठी, रस्त्यावर हिंदी. तिरुपूर, बेंगळुरू, हैदराबादच्या सप्लायरशी फोनवर बोलायला यांच्यापेक्षा चांगलं कोण? ॲडमिशनच्या पत्रकात हे लिहा की ठळक, की तुमच्या घरची भाषा इथं कामाला येते.

मुळात कम्युनिटी कॉलेज ही कल्पना अमेरिकेतली, आपल्याकडं १९९५ ला पाँडिचेरीत पहिलं सुरू झालं. पण तिकडचं एक उदाहरण आपल्या मंडळाला सांगावंसं वाटतं. न्यूयॉर्कचं फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आज जगभर नाव आहे, पण ते १९४४ ला सुरू झालं तेव्हा सुईकामाच्या एका हायस्कूलच्या वरच्या दोन मजल्यांवर, शंभर विद्यार्थ्यांवर. आणि त्यामागं होती कापडधंद्यातलीच माणसं, कारण त्यांच्या लक्षात आलं होतं की पुढची पिढी या धंद्यात यायला तयार नाही आणि आता शिकवून माणसं तयार केली नाहीत तर धंदाच राहणार नाही. तिथं पहिले दोनच विषय होते, डिझाइन आणि सायंटिफिक मॅनेजमेंट, म्हणजे डिझाइनच्या बरोबरीनं पहिल्या दिवसापासून कारखाना चालवायचं शिक्षण. १९५१ ला ते राज्याच्या विद्यापीठात कम्युनिटी कॉलेज म्हणून आलं आणि पदवी द्यायला लागलं. हे सांगायचं कारण, गारमेंटवाल्यांनो, तुम्ही आज अगदी तिथंच उभे आहात. तुमची स्वतःची मुलं पुण्याला आयटीत गेली. कामगार मिळत नाहीत, मर्चंडायझर मिळत नाही, अशी तक्रार प्रत्येक कार्यक्रमात करता, मग कॉलेजच्या सल्लागार समितीवर नाव देऊन मीटिंगला का येत नाही? वर्षाला एक सत्कार स्वीकारून समिती चालत नाही. दर युनिटनं सीझनला एक मुलगी घ्यायची, तिला स्टायपेंड द्यायचा, एवढं तरी ठरवा. नॅशनल ॲप्रेंटिसशिप प्रमोशन स्कीममध्ये स्टायपेंडचा २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये केंद्र सरकार देतं, आणि डिप्लोमा झालेल्यांना मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत ८,००० रुपये विद्यावेतन ठरलंय. कागदपत्रं करायला कॉलेजनं एक माणूस द्यावा, कारण छोटा युनिटवाला पोर्टल बघूनच घाबरतो.

वेळ पण हीच आहे. राज्याचं २०२३-२८ चं वस्त्रोद्योग धोरण ५ लाख रोजगारांची भाषा करतंय, अमरावतीला पीएम मित्रा पार्कचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ ला झालं, तिकडं मोठे कारखाने आले की शिकलेली माणसं ओढली जाणार आणि आपण बघत बसणार. दुसरीकडं ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला तेव्हा टॉवेलवाल्यांची काय अवस्था झाली ते सगळ्यांनी बघितलं. एकाच देशावर, एकाच मोठ्या पार्टीवर अवलंबून राहायचं नसेल तर नवीन गिऱ्हाईक शोधणारा, त्यांच्या अटी वाचून समजून घेणारा माणूस घरात पाहिजे. युरोप आता कपड्यांना डिजिटल पासपोर्ट लावायच्या तयारीत आहे, धागा कुठला, रंग कुठला, सगळं दाखवावं लागणार. ही माहिती युनिटमध्ये गोळा कोण करणार? पुन्हा मर्चंडायझरच.

पैशाचं म्हणाल तर फॅशन शोवर जो खर्च होतो तो एक वर्ष थांबवा. स्टेज, लाइट, साउंड, मॉडेल, मेकअप, त्यात पोरींचा अख्खा महिना जातो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात पाहुण्यांचा फोटो येतो. त्या पैशात दहा चांगले कॉम्प्युटर, कापडाची एक लायब्ररी, कापडाची जाडी-वजन तपासायचा जीएसएम कटर आणि वजनकाटा, शेड बघायचा लाइट बॉक्स येईल. पोरींना मंचावर यायला आवडतं, तो आनंद त्यांचा काढून घ्यायचा नाहीये मला, तर गणवेशाच्या प्रदर्शनात कॉलेजचा एक स्टॉल लावा, तिथं त्यांनी स्वतः कॉस्टिंग केलेले सॅम्पल मांडू दे, व्यापाऱ्याशी स्वतः भाव बोलू दे.

आणि कोर्स चालला की नाही हे ठरवायचं कसं, यावर पण मंडळानं एकदा मोकळेपणानं बोलावं. आज प्लेसमेंट म्हणजे पहिल्या नोकरीचं ऑफर लेटर, फोटो, बॅनर. पुढच्या वर्षी ती पोरगी तिथं आहे का, तिचा पगार वाढला का, लग्न झाल्यावर काम सुटलं का, सुटलं तर का, हे विचारायला कुणी फोन करत नाही. पहिल्या बॅचपासूनच्या सगळ्यांना फोन करा, ही यादी कॉलेजच्या रजिस्टरमध्येच आहे. त्यांनी काय सांगितलं ते निर्णय घ्यायच्या आधी मंडळासमोर ठेवा. मला वाटतं सीटा का भरत नाहीत याचं उत्तर तिथंच मिळेल.

माझी विनंती एवढीच की या मीटिंगमध्ये बंदचा ठराव करू नका आणि नावही बदलू नका. एक पूर्ण सीझन द्या, वर सांगितल्यासारखा, वीस मुलांची एकच बॅच धरून. अभ्यास मंडळातल्या दोघातिघांनी त्याआधी एक दिवस अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही युनिटमध्ये येऊन बसावं, सॅम्पल टेबलजवळ, आणि दिवसभरात किती प्रश्न येतात ते लिहून घ्यावेत, त्याच प्रश्नांवरून पेपर काढता येतील. कॉस्टिंग आणि कॅलेंडर हे दोन विषय संध्याकाळच्या बॅचला शिकवायला मी तयार आहे, माझ्यासोबत काम करणारे अजून काही जण तयार आहेत, आम्ही मानधनासाठी अडून बसणार नाही, फक्त शिकवलेलं परीक्षेत धरलं जावं. मीटिंगची तारीख कळवा, बोलवलंत तर खऱ्या ऑर्डरच्या फायली घेऊन येते.

आपली नम्र,
सोलापुरातली एक मर्चंडायझर